पेटीतली पदके : महार सैनिकांचा इतिहास कसा वाचावा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही घरांत, जुन्या पत्र्याच्या पेटीत, पेन्शनच्या पिवळ्या कागदांखाली एखादे पदक पडून असते. आजोबा किंवा पणजोबा पलटणीत होते, एवढेच घरच्यांना ठाऊक असते. ते कधी भरती झाले, कोणत्या मोहिमेवर गेले, परत केव्हा आले, हे सांगणारे माणूस आता राहिलेले नसते. रंग उडालेली फीत आणि काळवंडलेली धातूची चकती पाहून पुढच्या पिढीला तिचे मोल कळत नाही. मग एखाद्या अडचणीच्या दिवशी ती सराफाकडे तोळ्याच्या भावाने जाते, किंवा भांड्यांबरोबर मोडीत निघते.

ज्या समाजाच्या पूर्वजांना लिहिण्यावाचण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्याच्याकडे जुन्या सनदा, बखरी किंवा कुळाच्या वह्या क्वचितच सापडतात. अशा घरातील पदक हा अनेकदा पणजोबांच्या नावाचा एकमेव छापील पुरावा असतो. तो वाचता यावा, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही हे समजावे, यासाठी हा लेख आहे.

पदकाचे अवयव

लष्करी पदकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. विशिष्ट युद्धात किंवा मोहिमेत भाग घेतलेल्या सर्वांना मिळते ते मोहीमपदक. वैयक्तिक पराक्रमासाठी मिळते ते शौर्यपदक. दीर्घ आणि निष्कलंक नोकरीसाठी मिळते ते सेवापदक. घरोघरी सापडणारी बहुतेक पदके पहिल्या प्रकारची असतात. त्यामुळे 'आजोबांना शौर्यपदक मिळाले होते' ही घरातील समजूत पुष्कळदा तपासून पाहावी लागते. परंतु मोहीमपदकाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. तो माणूस तेथे होता, याची ती साक्ष असते.

पदकाच्या दर्शनी बाजूस बहुधा राजाचे किंवा राणीचे मुख असते. त्यावरून काळ ठरतो. मागील बाजूस चित्र आणि सनावळी असते. फितीच्या रंगांवरून पदक ओळखता येते. फितीवर कधी धातूची आडवी पट्टी असते. तिच्यावर लढाईचे किंवा प्रदेशाचे नाव कोरलेले असते. सर्वांत महत्त्वाची जागा मात्र सहज नजरेत न येणारी आहे, ती म्हणजे पदकाची कड. जुन्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते. नाव इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले असल्यामुळे ते ओळखू येण्यास वेळ लागतो. ते मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न कळलेले नाव कानाला कळते.

विदर्भाची नावे कोरलेले पदक

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील शिपायांना जुन्या लढायांसाठी जे पदक मिळाले, ते 'आर्मी ऑफ इंडिया' पदक होय. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी असलेले हे चांदीचे पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, आणि तेही त्या वर्षापर्यंत हयात असलेल्यांनाच. १८१८ मध्ये विशीत असलेला शिपाई तोपर्यंत पन्नाशी ओलांडून गेला होता. रणात पडलेल्यांना, आणि घरी येऊन दारिद्र्यात वारलेल्यांना, या पदकात जागा नव्हती.

या पदकाच्या २१ पट्ट्यांपैकी काहींवर आपल्या विदर्भातील नावे आहेत. १८०३ मधील अडगाव आणि गाविलगड, तसेच १८१७ मधील सीताबर्डी आणि नागपूर ही ती नावे. कोरेगाव हे नावही त्यांत आहे. चांद्याचे नाव मात्र नाही. अप्पासाहेब भोसल्यांच्या पक्षाने लढणारा चांद्याचा किल्ला मे १८१८ मध्ये वेढा घालून, तोफांनी तट फोडून इंग्रजांनी घेतला. तरी त्या लढाईसाठी स्वतंत्र पट्टी काढण्यात आली नाही. कोणत्या लढाईचे नाव धातूवर कोरायचे हे सत्ता ठरवते, लढाईत सांडलेले रक्त नव्हे.

हीच गोष्ट ४० वर्षांनी अधिक ठळक झाली. १८५७-५८ च्या उठावाचे दमन करणाऱ्या सैन्याला पदक मिळाले. त्याच काळात मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि इतर आदिवासी तरुणांना संघटित करून इंग्रजांविरुद्ध लढा दिला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांच्या सोबत होते. बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या आवारातील पिंपळ हेच त्यांचे स्मारक ठरले. आपल्या जिल्ह्यांत पदके वाचताना, ज्यांना पदक मिळणे शक्यच नव्हते त्यांचीही आठवण ठेवणे हा इतिहासाचा प्रामाणिकपणा आहे.

कोरेगावचा स्तंभ आणि त्यावरील नावे

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन यांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० पायदळ, त्याखेरीज घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा अशी तिची जमवाजमव होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या कित्येक पट मोठ्या सैन्याशी तिची गाठ पडली. रात्रभर चालून आलेल्या शिपायांनी अन्नपाण्यावाचून दिवसभर गाव लढवले. सुमारे ८०० जणांपैकी २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांच्या सैन्याने माघार घेतली आणि पुढे स्टाँटनही शिरूरला परतले.

या लढाईविषयी बोलताना दोन गोष्टी स्पष्ट ठेवाव्यात. कंपनीच्या त्या पलटणीत महारांबरोबर इतर जातिधर्मांचे शिपाईही होते, आणि पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब आणि गोसावीही होते. दुसरी गोष्ट स्तंभावरील नावांची. कंपनीने उभारलेल्या स्तंभावर मृत शिपायांची जी ४९ नावे आहेत, त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे. त्या काळी महार पुरुषांच्या नावाला तो जोडला जात असे. पेशवाईत ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांची नावे इतरांच्या नावांशेजारी, एकाच दगडावर, एकाच आकाराच्या अक्षरांत कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला गेले तेव्हा या नावांना नवा अर्थ मिळाला.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. कोरेगावला लढलेली ती पलटण पुढे ग्रेनेडियर्समध्ये समाविष्ट झाली. त्यामुळे 'कोरेगाव' हा रणसन्मान ग्रेनेडियर्सच्या परंपरेत आहे. आजची महार रेजिमेंट त्यानंतर सव्वाशे वर्षांनी उभी राहिली. म्हणून जुन्या पदकाच्या कडेवर 'महार' हा शब्द शोधू नये. १९१७ पूर्वीचा महार सैनिक बॉम्बे आर्मीच्या कोणत्या तरी क्रमांकाच्या पलटणीत सापडतो, आणि त्याची ओळख पटते ती नावावरून.

अफगाणिस्तानातील एक ठाणे

दुसऱ्या अफगाण युद्धात, १६ एप्रिल १८८० रोजी, कंदाहारच्या वाटेवरील दुबराई या छोट्या ठाण्यावर मोठ्या जमावाने हल्ला केला. १९ व्या बॉम्बे इन्फंट्रीचे मेजर वॉडबी, त्यांच्या पलटणीचे दोन शिपाई आणि सिंध हॉर्सचे मोजके स्वार यांनी ते ठाणे शेवटपर्यंत लढवले. त्या दोन शिपायांची नावे होती इलाही बक्ष आणि सोननाक तननाक. एक मुसलमान, दुसऱ्याच्या नावात तोच 'नाक' प्रत्यय. वॉडबींचे नाव मुंबईच्या फोर्ट भागातील एका रस्त्याला दिले गेले. सोबत मेलेल्या शिपायांच्या नावाचा रस्ता झाला नाही.

त्याच वर्षी २७ जुलैला मैवंद येथे इंग्रजी सैन्याचा दारुण पराभव झाला. मुंबईच्या पलटणींनी तेथे भयंकर नुकसान सोसले. अफगाण पदकावर काबूलची पट्टी आहे, कंदाहारची आहे; मैवंदची नाही. पराभवाची पट्टी कोणतेही सरकार काढत नाही. म्हणून पट्टी नसलेले साधे पदक हाती आले, तर त्याच्या मालकाने काही पाहिले नाही असे समजू नये.

बंद झालेले दार

एवढी सेवा होऊनही १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबवण्यात आली. 'लढवय्या जाती' आणि इतर, अशी विभागणी इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी केली होती. पलटणी जातवार करण्याचे धोरण आले आणि त्यात महारांना स्थान ठेवले नाही. ज्यांच्या छातीवर त्याच सरकारची पदके होती, त्यांच्या मुलांना छावणीच्या दारातून परत पाठवण्यात आले.

या निर्णयाचा घाव केवळ पगारावर बसला नाही. कंपनीच्या आणि नंतरच्या मुंबई सैन्यात शिपायांच्या मुलांसाठी शाळा असत. गावातील शाळेच्या ओट्यावरही ज्या मुलाला बसू दिले जात नसे, तो छावणीत पाटीवर अक्षरे गिरवत असे. मालोजी सकपाळ सैन्यात होते; त्यांचे पुत्र रामजी सकपाळ सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेले त्यांचे पुत्र म्हणजे बाबासाहेब. त्यांच्या जन्मानंतर एकदोन वर्षांतच हे दार बंद झाले. छावणीतून घरी पदक आले तसे पुस्तकही आले होते, आणि दोहोंत पुस्तक अधिक काळ टिकले.

दार उघडावे म्हणून पहिला आवाज उठवला तो सैनिकांनीच. कोकणातील रावढूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून सैन्यात आणि पोलिसांत प्रवेश मागितला. या अर्जांत पूर्वजांच्या लढायांचा दाखला होता. पदकाचा पहिला राजकीय उपयोग आपल्या माणसांनी असा केला. ते मिरवण्याचे भूषण राहिले नाही, ते हक्काचे कागदपत्र झाले.

१९१७ आणि १९४१

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडू लागले तेव्हा सरकारला ही नावे पुन्हा आठवली. जून १९१७ मध्ये '१११ वी महार' ही पलटण उभी राहिली. मोठ्या रणांगणावर जाण्याची संधी तिला फारशी मिळाली नाही. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबीशी जोडली गेली आणि १९२१ मध्ये बरखास्त झाली. गरज सरली आणि दार पुन्हा लागले.

या युद्धाची दोन पदके ओळखायला सोपी आहेत. 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीचे. त्यावर पंचम जॉर्जचे मुख आणि मागे घोडेस्वार, १९१४ आणि १९१८ या सनांसह. 'व्हिक्टरी मेडल' कांस्याचे, इंद्रधनुषी फितीचे. त्यावर पंख असलेली स्त्री. दोहोंच्या कडेवर नाव असते. पहिलेच पदक चांदीऐवजी कांस्याचे असेल, तर ते बहुधा मजूर किंवा हमाल तुकडीतील माणसाचे असते. धातूतही श्रेणी होती. चांदीची पदके वितळवली गेली म्हणून आज ती कमी दिसतात.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण हवी, हा आग्रह त्यांनी तेथे लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पाठोपाठ दुसरी पलटण नागपूरजवळील कामठीच्या छावणीत उभारली गेली. विदर्भातील तरुणांना आता बेळगाव गाठण्याची गरज नव्हती. रेजिमेंटच्या टोपीवरील चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. पहिली आणि तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर राहिली, तर दुसरीने ब्रह्मदेशाच्या मोहिमेत सेवा केली.

आजोबांची पदके वाचताना

आपल्या घरांत सापडणारी पदके बहुधा याच काळातील असतात. षष्ठम जॉर्जचे मुख आणि मागे दुतोंडी ड्रॅगनवर उभा असलेला सिंह असेल, तर ते 'वॉर मेडल'. युद्धकाळात २८ दिवस पूर्णवेळ सेवा केलेल्यास ते मिळे. मागे भारताचा नकाशा आणि '१९३९-४५' असेल, तर ते 'इंडिया सर्व्हिस मेडल'. ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात भारतात तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी ते होते. यावरून एक साधे गणित मांडता येते. हे पदक घरात असेल, तर आजोबांची भरती सप्टेंबर १९४२ च्या पहिल्या काही दिवसांपूर्वीची. घरात तारीख सांगणारा कागद नसला, तरी नकाशाचे पदक ती मर्यादा सांगते.

सहा टोकांचा तारा असेल तर त्यावरील अक्षरे पाहावीत. 'बर्मा स्टार' असल्यास तो माणूस ११ डिसेंबर १९४१ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीशी संबंधित होता. दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ पदकांवर नाव नसते. म्हणून पदकाबरोबरची सेवापुस्तिका किंवा डिस्चार्जचा कागद पदकाइतकाच जपावा. परत न आलेल्यांसाठी आणखी एक जागा आहे. म्यानमारमधील तौक्यान येथील रंगून स्मारकावर, ज्यांना कबरही मिळाली नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत ती कोणालाही विनामूल्य शोधता येतात.

स्वातंत्र्यानंतर

१९४६ मध्ये रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले, आणि १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीर युद्धात तिच्या मशीनगन तुकड्या निरनिराळ्या दलांबरोबर लढल्या. त्या सैनिकांच्या पदकावर 'जम्मू आणि काश्मीर' ही पट्टी असते. १९६५ च्या युद्धाचा 'समर सेवा स्टार', १९७१ चे 'पूर्वी स्टार', 'पश्चिमी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्यापुढची ओळखण्याजोगी पदके. टोपीवरील स्तंभाची जागा खंजीर आणि दोन मशीनगन यांनी घेतली. पुढे रेजिमेंट पुन्हा पायदळ झाली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशातील सागर येथे आहे.

नाव 'महार' राहिले, पण दारे सर्वांना उघडी झाली. १९७१ मध्ये शमशेरनगर येथे बलिदान दिलेले, १० महारचे शिपाई अनसूया प्रसाद गढवालचे होते; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागूनही समोरच्याची बंदूक हिसकावून घेणारे आणि अखेरच्या श्वासापर्यंत सहकाऱ्यांना सूचना देणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. जातीच्या नावाने ज्यांना हाकलले, त्यांच्या नावाची रेजिमेंट सर्व जातींच्या माणसांचे घर झाली. ही गोष्ट कोणत्याही पट्टीवर कोरलेली नाही.

आपण काय करावे

पदक चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासू नये. काळेपणा जातो तशी कडेवरील अक्षरेही जातात. फीत कितीही विटली तरी काढू नये. पदक कोरड्या सुती कापडात ठेवावे. दिवसाच्या तिरप्या उजेडात भिंगाने कड वाचून क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण जशीच्या तशी उतरवून घ्यावी. स्पेलिंग सुधारू नये. दोन्ही बाजूंची आणि कागदांची छायाचित्रे काढून ती एकाहून अधिक ठिकाणी ठेवावीत. सेवेच्या नोंदींसाठी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे लिहावे; अर्ज कसा करावा याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळू शकते. आणि घरात अजून कोणी ऐंशी-नव्वदीचे असेल, तर हे सारे करण्याआधी त्यांच्याजवळ बसावे.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात यासाठी एक नोंदवही ठेवता येईल. गाव, सैनिकाचे नाव, पदकाचे वर्णन, कडेवरील मजकूर आणि घरात सांगितली जाणारी हकिगत, एवढे पाच रकाने पुरेत. पदके ज्याच्या त्याच्या घरीच राहावीत. नोंद मात्र सर्वांची असावी. त्याच वहीत, ज्यांना पदक मिळाले नाही अशा पूर्वजांसाठीही पाने राखावीत. वर्गातील विद्यार्थी ही वही भरू लागतील तेव्हा त्यांना १८९३ ते १९१७ आणि १९२१ ते १९४१ या वर्षांची पाने जवळजवळ कोरी सापडतील. ती कोरी का आहेत, हे शिक्षकांनी त्यांना अवश्य सांगावे.